तीच गोळी, तोच माणूस, मग डोस का वाढतो?

१. जबलपूरला विचारले जाणारे दोन प्रश्न

जबलपूरचं नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय गावात नुसतं 'मेडिकल' म्हणून ओळखलं जातं. मंडला, डिंडोरी, सिवनी, नरसिंहपूर, बालाघाट अशा साऱ्या महाकोशलातून तिथे कॅन्सरचे रुग्ण येतात. आजार हाडांपर्यंत पोहोचला की नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या पुरेनाशा होतात. अशा वेळी मॉर्फीनचं नाव निघालं की घरची माणसं आधी गप्प होतात आणि मग कोणीतरी विचारतं, "डॉक्टर, बाबांना याची सवय तर लागणार नाही ना?"

दुसरा प्रश्न वेगळ्याच घरातून येतो. जबलपुरात आणि तिथून ईशान्येला रीवा-सतन्याकडे कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाचे चोरटे साठे पकडल्याच्या बातम्या वरचेवर येतात. मुलाच्या पलंगाखाली रिकाम्या बाटल्या सापडलेली आई विचारते, "चमचाभर घेतलं की आम्हाला डुलकी लागते. हा अख्खी बाटली पितो आणि तरी ताठ चालतो. हे कसं?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरं मेंदूतल्या एकाच यंत्रणेत आहेत. आपल्याकडे मात्र या दोन घरांची उत्तरं अदलाबदल होतात. ज्याला धोका थोडा आहे त्या म्हाताऱ्या रुग्णाचं औषध भीतीपोटी अडवलं जातं, आणि ज्याच्या मेंदूत खरोखर बदल झाला आहे त्या मुलाला "मनावर घे, आपोआप सुटेल" असं सांगितलं जातं. या प्रकरणात ती यंत्रणा एकेक पायरीने समजून घेऊ.

२. शेतातला चीक, बाटलीतलं औषध

मध्य प्रदेशच्या दुसऱ्या टोकाला, माळव्यात, मंदसौर, नीमच आणि रतलाम या जिल्ह्यांत सरकारी परवान्यावर अफू पिकते. या परवान्याला तिथले शेतकरी 'पट्टा' म्हणतात. तो देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. पाकळ्या गळून हिरवी बोंडं भरली की दिवस कलताना, अनेक टोकं असलेल्या छोट्या अवजाराने बोंडावर उभ्या चिरा देतात. रात्रभर पांढरा चीक पाझरतो, हवेने तपकिरी होतो आणि सकाळी तो खरवडून घेतात. ही झाली कच्ची अफू. नीमच आणि गाझीपूर इथल्या सरकारी कारखान्यांत तिच्यातून औषधी द्रव्यं वेगळी काढली जातात. अफूत साधारण दहावा हिस्सा मॉर्फीन असतं आणि कोडीन त्याहून बरंच कमी. मॉर्फीन पहिल्यांदा वेगळं केलं ते १८०५ च्या सुमारास, जर्मनीतल्या फ्रिडरिश सेर्ट्युर्नर नावाच्या तरुण औषध-कारागिराने.

मग अनारशाला लावतो त्या खसखशीचं काय? खसखस त्याच बोंडातलं बी आहे, पण चीक बोंडाच्या सालीत असतो. बियांना त्याचा अंश लागलेला असला तरी दिवाळीच्या फराळाने कोणाला नशा येत नाही. संवेदनशील लघवी-तपासणीत तो अंश क्वचित दिसू शकतो, आणि आखातातल्या काही देशांत खसखस नेणंच गुन्हा आहे. तिकडे नोकरीला जाणाऱ्याने आईने बांधून दिलेला डबा एकदा तपासून घ्यावा.

अफू, मॉर्फीन, कोडीन आणि मॉर्फीनपासून बनवलेलं हेरॉइन हे सगळं एकच कुळ. मुंबई-पुण्यात ज्याला गर्द किंवा ब्राऊन शुगर म्हणतात आणि जबलपुरात स्मैक, ते भेसळीचं हेरॉइनच. कारखान्यात बनणारी ट्रामाडॉल, फेंटानिल ही औषधंही याच कुळात बसतात. या साऱ्यांना मिळून ओपिऑइड म्हणतात. बायर कंपनीने १८९८ मध्ये हेरॉइन बाजारात आणलं ते खोकल्याचं औषध म्हणून, हेही इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता बाटलीचा हिशेब करू. अशा सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये साधारणपणे १० मिलिग्रॅम कोडीन असतं. म्हणजे १०० मिलिलिटरच्या बाटलीत २०० मिलिग्रॅम. कोडीन स्वतः फारसं काही करत नाही. यकृतातलं एक एन्झाइम त्याच्या लहानशा भागाचं मॉर्फीन बनवतं आणि खरा परिणाम त्याचा असतो. ताकदीच्या मापाने ती बाटली पोटातून घेतलेल्या २० ते ३० मिलिग्रॅम मॉर्फीनच्या बरोबरीची ठरते. कॅन्सरच्या रुग्णाच्या दहा मिलिग्रॅमच्या दोन-तीन गोळ्या आणि ही एक बाटली यांची ताकद जवळपास सारखी. जे एन्झाइम हे रूपांतर करतं ते काहींच्या शरीरात आनुवंशिकतेने फार वेगाने चालतं आणि काहींच्यात जवळजवळ नसतंच. म्हणून दोन मित्रांनी एकच बाटली वाटून घेतली तरी एकाला काहीच होत नाही आणि दुसऱ्याचा श्वास मंदावू शकतो.

३. मेंदूत ही जागा आली कुठून?

झाडाचा चीक माणसाच्या मेंदूवर इतका नेमका का चालतो, हा प्रश्न शास्त्रज्ञांना बराच काळ छळत होता. १९७३ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सॉलोमन स्नायडर आणि त्यांची विद्यार्थिनी कँडेस पर्ट यांनी उंदराच्या मेंदूचा लगदा घेतला. त्यात नॅलॉक्सोन या अफूविरोधी औषधाचे किरणोत्सारी रेणू मिसळले आणि ते कुठे चिकटून राहतात ते मोजलं. मेंदूच्या पेशींवर अफूच्या कुळातले रेणू नेमके बसतील असे प्रथिनांचे ग्राहक (रिसेप्टर) सापडले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन आणि स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस हेही स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले.

निसर्गाने माळव्यातल्या बोंडासाठी मेंदूत जागा राखून ठेवली असेल हे संभवत नाही. म्हणजे शरीर स्वतःच असं काही बनवत असलं पाहिजे. दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूंतून ते द्रव्य वेगळं केलं. त्याला एन्केफॅलिन नाव मिळालं. पुढे त्याची भावंडं सापडली. त्यांपैकी एंडॉर्फिन हा शब्द आता वर्तमानपत्रांतही येतो.

ही द्रव्यं रोजची कामं करतात. मार लागल्यावर वेदना आटोक्यात ठेवणं, आईच्या कुशीत बाळाला शांत वाटणं, भुकेल्या पोटी पहिला घास गोड लागणं, या सगळ्यांत त्यांचा वाटा असतो. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. काहींना औषध म्हणून नुसतंच निरुपद्रवी पाणी टोचलं तरी वेदना कमी झाल्या. मात्र नॅलॉक्सोन दिल्यावर तो आराम ओसरला. विश्वासाने वाटणारा आरामसुद्धा शरीराच्या या स्वतःच्या अफूतून येतो, असा त्याचा अर्थ लावला गेला.

या ग्राहकांचे मुख्य प्रकार तीन. आपल्या कामाचा आहे तो 'म्यू'. १९९६ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या शास्त्रज्ञांनी हा एकच ग्राहक नसलेले उंदीर तयार केले. त्यांना मॉर्फीन दिलं तर वेदना कमी झाल्या नाहीत, त्यांना त्याची ओढ लागली नाही आणि ते बंद केल्यावर त्रासही झाला नाही. वेदनाशमन, सुख आणि अंगवळणी पडणं, तिन्हींचा रस्ता एकाच ग्राहकातून जातो. वेदना तेवढ्या घालवणारं आणि बाकी काही न करणारं मॉर्फीन अजून का बनलं नाही, याचं मुख्य कारण इथेच आहे.

४. सुख कसं तयार होतं?

१९५४ मध्ये कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि पिंजऱ्यात एक दांडी ठेवली. दांडी दाबली की मेंदूच्या त्या भागाला हलका विजेचा झटका मिळे. तार विशिष्ट जागी असली की उंदीर दांडी तासाला शेकडो वेळा दाबत राहत. मेंदूत 'हे पुन्हा कर' असं सांगणारी यंत्रणा आहे हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

या यंत्रणेचा कणा म्हणजे मध्यमेंदूतल्या पेशींचा एक छोटा पुंजका. त्यांचे लांब तंतू पुढे, मेंदूच्या खोलवरच्या न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स या भागात जातात आणि तिथे डोपामिन सोडतात. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. डोपामिन म्हणजे सुख नव्हे. 'आत्ता जे घडलं ते अपेक्षेपेक्षा चांगलं होतं, ते कशामुळे घडलं ते लक्षात ठेव आणि पुन्हा तिकडे जा' हा तो निरोप आहे. सुखाची प्रत्यक्ष गोडी बऱ्याच अंशी शरीराच्या स्वतःच्या ओपिऑइडमधून येते.

आता मॉर्फीन इथे काय करतं? डोपामिनच्या पेशी एरवी मोकळ्या नसतात. शेजारच्या काही पेशी त्यांना सतत आवर घालत असतात. त्यासाठी त्या गाबा नावाचं द्रव्य सोडतात. म्यू ग्राहक प्रामुख्याने या आवर घालणाऱ्या पेशींवर असतात. मॉर्फीन त्यांना गप्प करतं. आवर सुटला की डोपामिनच्या पेशी जोरात काम करू लागतात. मॉर्फीन डोपामिनच्या पेशीला थेट चेतवत नाही, तिच्यावरचा अंकुश काढून घेतं. त्याच वेळी पुढच्या भागातल्या म्यू ग्राहकांवर बसून ते गोडीही निर्माण करतं. गोडी आणि 'लक्षात ठेव' हा निरोप एकाच घोटात मिळतो, तोही कोणत्याही जेवणापेक्षा, कौतुकापेक्षा मोठा.

इथे वेग फार महत्त्वाचा आहे, आणि बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. हेरॉइन हे रासायनिक जोड दिलेलं मॉर्फीन. त्या जोडामुळे ते रक्तातून मेंदूत झटकन शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं पुन्हा मॉर्फीन बनतं. चांदीच्या कागदाच्या पन्नीवर जाळून धूर ओढला तर काही सेकंदांत. कृती आणि परिणाम यांच्यात अंतरच उरत नाही, म्हणून मेंदू त्या दोघांची गाठ घट्ट बांधतो: पुडी, पन्नी, काडेपेटी, तो कोपरा, तो मित्र. मॉर्फीनची गोळी मात्र पोटातून, यकृतातून हळूहळू चढते. परिणाम जाणवायला अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर रुग्ण कूस बदलून झोपलेला असतो. ठरल्या वेळी, घड्याळ लावून दिलेल्या गोळीत तो धक्का नसतो आणि धक्क्याशिवाय ही गाठ सहसा पक्की बसत नाही.

पुढे आणखी एक विचित्र गोष्ट घडते. रोज घेणाऱ्याची गोडी कमी होत जाते, पण ओढ वाढत जाते. गोडी आणि ओढ यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत हे आता पुष्कळ प्रयोगांतून दिसलं आहे. "मजा येत नाही म्हणतोस, मग घेतोस कशाला?" हा घरच्यांचा प्रश्न त्यामुळे त्या मुलाला निरुत्तर करतो. त्याचं म्हणणं खरं असतं. मजा खरोखरच येत नसते.

५. सरावणं : मेंदूचा उलटा रेटा

एका दाराला बाहेरून कोणी रेटा देतो आहे असं समजा. दार मिटलेलं राहावं म्हणून आतला माणूस तेवढ्याच जोराने उलटा रेटा देतो. बाहेरच्याने जोर वाढवला की आतलाही वाढवतो. दार जिथल्या तिथे दिसतं. मग बाहेरचा अचानक बाजूला होतो आणि आतला माणूस स्वतःच्याच जोराने तोंडावर आपटतो.

मेंदूला आपला तोल राखायचा असतो. बाहेरून रोज मॉर्फीन येऊ लागलं की तो आतून उलटा रेटा देतो आणि पूर्वीच्या डोसने काही हलेनासं होतं. याला सरावणं म्हणायचं. औषध अचानक थांबलं की उरतो नुसता उलटा रेटा. तो त्रास म्हणजे रस्त्यावरच्या भाषेतली 'टर्की'. एकाच गोष्टीच्या या दोन बाजू आहेत.

हा रेटा येतो कसा? पहिली पायरी ग्राहकाच्या पातळीवर, काही मिनिटांत. मॉर्फीन बसलेल्या ग्राहकाला पेशी रासायनिक खूण करते, मग एक प्रथिन त्याला येऊन चिकटतं आणि त्याचा निरोप आत पोहोचेनासा होतो. काही ग्राहक तर पेशीच्या आत ओढून घेतले जातात आणि नंतर परत पाठवले जातात.

दुसरी पायरी दिवसांची, आणि अधिक मुळातली. पेशीच्या आत निरोप पुढे नेणारा चक्रीय एएमपी नावाचा एक रेणू असतो. मॉर्फीन तो कमी करतं. १९७५ मध्ये शर्मा, क्ली आणि निरेनबर्ग यांनी काचपात्रात वाढवलेल्या पेशींना बराच काळ मॉर्फीनमध्ये ठेवलं. (हे मार्शल निरेनबर्ग म्हणजे जनुकांची लिपी उलगडल्याबद्दल १९६८ चं नोबेल मिळालेले.) सुरुवातीला तो रेणू घसरला. मग पेशींनी तो बनवणारी यंत्रणाच वाढवली आणि पातळी पुन्हा पहिल्यासारखी झाली. पेशी मॉर्फीनमध्ये बुडालेली, तरी वरून सगळं सुरळीत. मॉर्फीन काढून घेतल्यावर मात्र वाढवलेली यंत्रणा उघडी पडली आणि पातळी कितीतरी वर उसळली. व्यसन, इच्छाशक्ती, संगत यांचा लवलेश नसलेल्या पेशीसुद्धा सरावतात आणि त्यांनाही टर्की लागते. हा प्रयोग शाळाशाळांतून सांगायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

मेंदूच्या बुंध्यात लोकस सेरुलियस नावाचा निळसर पेशींचा ठिपका आहे. जागं आणि सावध ठेवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन तो पुरवतो. मॉर्फीन त्याला शांत ठेवतं. तो उलटा रेटा देत राहतो. आणि औषध थांबलं की बेफाम होतो. हेरॉइन घेणाऱ्याला शेवटच्या डोसनंतर आठ-बारा तासांत जांभया येऊ लागतात, नाक-डोळे वाहतात, अंगावर काटा येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटात पिळे, जुलाब, उलट्या, हाडं मोडल्यासारखी अंगदुखी, झोप नाही, पाय एका जागी ठरत नाहीत. बद्धकोष्ठाच्या जागी जुलाब, बारीक बाहुल्यांच्या जागी मोठ्या, गुंगीच्या जागी जागरण: प्रत्येक लक्षण मॉर्फीनच्या परिणामाच्या बरोबर उलटं. आठवडाभरात जोर ओसरतो. क्लोनिडीन हे रक्तदाबाचं जुनं औषध याच निळसर ठिपक्याला आवरतं, म्हणून ते या दिवसांत उपयोगी पडतं.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी वऱ्हाड-खानदेशात आणि मुंबईच्या गिरणगावात तान्ह्या मुलांना अफू असलेली बाळगोळी देण्याची चाल होती. आईला कामावर जायचं असे आणि मूल निजून राहावं अशी गरज. ते मूल गोळी चुकली की किरकिरे, अंग आक्रसून रडे, आणि गोळी दिली की शांत होई. घरातल्यांना वाटे, बघा, गोळी मानवते आहे. प्रत्यक्षात ती टर्की होती, बोलता न येणाऱ्या जिवाची.

६. सगळं एकाच वेगाने सरावत नाही

जीव जातो तो मुख्यतः या फरकामुळे. श्वासाची लय मेंदूच्या बुंध्यातला एक पेशीसमूह ठरवतो. त्याच्यावरही म्यू ग्राहक आहेत. सुख लवकर सरावतं, श्वास सावकाश आणि अपुरा सरावतो.

आकडे मानीव घेऊन पाहू. सुरुवातीला समजा १ माप घेतलं की मजा येते आणि ६ मापांना श्वास थांबतो. मध्ये भरपूर जागा आहे. वर्षभराने तीच मजा यायला ८ मापं लागतात आणि श्वास थांबण्याची रेषा १२ वर गेलेली असते. आधी सहापट अंतर होतं, आता दीडपट. पुडीतला माल नेहमीपेक्षा थोडा कडक निघाला, किंवा त्यात दारू नाहीतर झोपेची गोळी मिसळली, की रेषा ओलांडली जाते. कोडीनच्या सिरपमध्ये बहुधा गुंगी आणणारं सर्दीचं औषधही असतं.

आता तो मुलगा दोन महिने तुरुंगात किंवा उपचार केंद्रात राहिला. उलटा रेटा विरला. श्वासाची रेषा पुन्हा ६-७ वर उतरली. बाहेर आल्यावर त्याच्या आठवणीत मात्र आठाचंच माप आहे. तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे हा अतिडोसाने मरण्याचा सर्वांत धोक्याचा काळ, हे अनेक देशांत दिसलं आहे. सुटका झाली, व्रत केलं, 'एकदाच' म्हणून जुना डोस घेतला आणि गेला, अशा मृत्यूला घरचे आत्महत्या समजतात. बहुतेकदा ती नसते. ओठ निळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, हलवलं तरी जाग नाही, श्वास मिनिटाला चार-सहा अशी अवस्था दिसली तर आधी १०८ वर फोन करायचा. श्वास अगदी तुटक किंवा थांबलेला असेल तर येत असल्यास तोंडाने श्वास द्यायचा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवायचं. नॅलॉक्सोनची सुई ग्राहकांवरून मॉर्फीन हुसकावते आणि काही मिनिटांत श्वास परत येतो. पण तिचा असर लवकर संपतो, म्हणून शुद्धीवर आलेल्याला लगेच घरी नेऊ नये.

७. जागासुद्धा डोसाचा भाग असते

सरावण्याची तिसरी पायरी मेंदूच्या शिकण्यात आहे. कॅनडातल्या शेपर्ड सिगल यांनी १९८२ मध्ये काही उंदरांना ठरावीक खोलीत हेरॉइनचे वाढते डोस देऊन सरावायला लावलं. मग सर्वांना एकदम मोठा डोस दिला. कधीच न सरावलेल्यांपैकी ९६ टक्के मेले. नेहमीच्या खोलीत डोस मिळालेल्यांपैकी ३२ टक्के, आणि तितकेच सरावलेले पण नव्या खोलीत नेलेल्यांपैकी ६४ टक्के. ओळखीच्या खुणा दिसताच मेंदू डोस येण्याआधीच उलटा रेटा लावतो. अनोळखी जागी तो बेसावध सापडतो.

याची दुसरी बाजू अशी, की औषध नसताना खुणा दिसल्या तरी रेटा लागतोच. महिनोन्‌महिने स्वच्छ असलेला माणूस जुन्या कोपऱ्यावरून गेला, चांदीचा कागद दिसला, की नाक गळू लागतं, पोटात पिळा येतो. व्हिएतनामहून १९७१ मध्ये परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला. तिकडे त्यांच्यातला जवळपास पाचवा हिस्सा हेरॉइनच्या आहारी गेला होता. मायदेशी, त्या साऱ्या खुणांपासून दूर आल्यावर, पहिल्या वर्षात त्यांतले जेमतेम ५ टक्के पुन्हा आहारी गेले. आपला मुलगा मात्र उपचार संपवून त्याच गल्लीत, त्याच पानठेल्यासमोर परत येतो.

डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, ते गर्दची लाट ऐन भरात असताना. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची मदत त्यामागे होती. टर्की उतरवणं ही उपचाराची फक्त सुरुवात आहे, पुढचा पाठपुरावा आणि घरच्यांना सामील करून घेणं हे खरं काम, हे त्या संस्थेने मराठी समाजाला समजावलं. सिगलच्या उंदरांनी जे दाखवलं तेच हे, माणसांच्या मापाने.

८. सरावलेला रुग्ण आणि व्यसनी मुलगा

आता दोन्ही घरांकडे परत जाता येईल. महिनाभर मॉर्फीन घेणारे बाबा सरावतील. गोळी अचानक बंद केली तर त्यांना टर्कीही लागेल, म्हणून बंद करायची झाली तर हळूहळू उतरवतात. पण व्यसन म्हणजे एवढंच नाही. नुकसान दिसत असूनही शोधत राहणं, घेण्यावरचा ताबा सुटणं, बाकी आयुष्य त्यापुढे फिकं पडणं, हे व्यसन. ते प्रामुख्याने चौथ्या भागात पाहिलेल्या गाठीतून येतं, आणि कॅन्सरच्या वेदनेसाठी घड्याळाप्रमाणे गोळी घेणाऱ्यात ते क्वचित दिसतं. त्यांचा डोसही सतत चढत नाही. बहुतेकदा एका पातळीवर टिकतो आणि वाढवावा लागतो तो आजार पसरल्यामुळे. आधी व्यसनाचा इतिहास असेल तर डॉक्टर अधिक लक्ष ठेवतात, औषध नाकारत नाहीत. एक परिणाम मात्र सहसा सरावत नाही: बद्धकोष्ठ. म्हणून मॉर्फीनच्या जोडीला पहिल्या दिवसापासून रेचक हवंच.

जगात औषधासाठी अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत, आणि आपल्याच रुग्णांना मॉर्फीन मिळत नव्हतं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांचं जंजाळ इतकं वाढलं, की औषधाच्या दुकानांनी ते ठेवणंच सोडलं. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं झगडले तेव्हा २०१४ मध्ये कायदा सुधारला; आता राज्याने मान्यता दिलेल्या रुग्णालयाला एकाच परवानगीवर मॉर्फीन ठेवता येतं. नीमचच्या कारखान्यापासून महाकोशलातल्या खेड्यातल्या खाटेपर्यंतची वाट अजूनही फार लांब आहे. वेदनेने रात्रभर ओरडणाऱ्या माणसाला 'सवय लागेल' म्हणून औषध न देणं हे अज्ञान आहे, आणि त्याची किंमत तो माणूस मोजतो.

मुलाचं काय? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २.२६ कोटी लोक ओपिऑइड घेतात. पारंपरिक अफू घेणाऱ्यांपेक्षा हेरॉइन आणि औषधी गोळ्या-सिरप घेणारे त्यांत जास्त आहेत. या आजारावरचं चांगलं औषध म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन, जिभेखाली ठेवायची गोळी. ते म्यू ग्राहकाला घट्ट धरून बसतं, पण त्याला अर्धवटच चेतवतं. त्यामुळे टर्की लागत नाही, ओढ निवते, वरून हेरॉइन घेतलं तरी त्याला बसायला जागा उरत नाही, आणि डोस वाढवला तरी श्वासावरचा परिणाम एका मर्यादेपलीकडे सहसा जात नाही. मात्र दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर तेही धोक्याचं. एका गोळीचा असर दिवसभर आणि अधिक टिकतो. चढ-उताराचा धक्काच नाहीसा होतो.

"म्हणजे एक नशा सोडवून दुसरी लावायची?" असं घरचे हमखास विचारतात आणि दोन-तीन आठवड्यांत गोळी बंद करायला लावतात. ती गोळी घेणारा मुलगा सरावलेला असतो, जसे बाबा सरावलेले असतात. पण तो कामावर जातो, जेवतो, पैसे चोरत नाही. पेशींचा उलटा रेटा आठवड्यात ओसरला तरी झोप आणि मन ताळ्यावर यायला महिने लागतात, आणि खुणांनी लागणारी ओढ त्याहून जास्त टिकते. म्हणून ही गोळी महिनोन्‌महिने, कित्येकांना वर्षानुवर्षं चालू ठेवावी लागते. उतरवायची वेळ आली तर ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, अगदी थोडी थोडी. जवळचं केंद्र कुठे आहे हे सरकारच्या १४४४६ या मोफत क्रमांकावर विचारता येतं, आणि हा फोन आई-वडीलही करू शकतात.